पेंटॅक्स के १००० हातात आलाय? रोल भरायच्या आधी हे वाचा

माळ्यावर काकांचा जुना कॅमेरा सापडला, किंवा कुठेतरी घासाघीस करून घेतला, आता याचं करायचं काय, असं विचारणारं कोणी ना कोणी मला अधूनमधून भेटतंच, आणि पिशवीतून बऱ्याचदा निघतो तो पेंटॅक्स के १०००. माझ्याकडेही तोच आहे. सात वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी ग्राइंडर आणि टेबलफॅनच्या मधे पडलेला दिसला, अडीच हजार सांगितले, अठराशेला दिला. त्या अठराशेवर पुढे किती गेले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

तर हे सगळं के १००० धरून लिहितोय. तुमच्याकडे याशिका एफएक्स ३ किंवा निकॉन एफएम १० असेल तरी रोल भरणं, फोम, बुरशी हे भाग जसेच्या तसे लागू पडतील, फक्त शटरचा (उजेड आत सोडून परत बंद करणाऱ्या पडद्याचा) भाग सोडा, त्यांचं शटर वेगळ्या जातीचं असतं.

आधी थोडी ओळख. हा कॅमेरा १९७६ ला आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला, म्हणजे एकवीस वर्षं जवळपास तेच मॉडेल. आधी जपानमध्ये, मग हाँगकाँगला, शेवटी चीनमध्ये. सुरुवातीच्यांवर वर 'असाही पेंटॅक्स' लिहिलेलं असतं आणि ते हाताला जड लागतात, शेवटच्या चिनी बनावटीच्यांना वरखाली प्लास्टिकची कव्हरं आहेत. लोक जपानवाल्यासाठी जास्त पैसे मोजतात, पण माझ्या मते चालू असलेला चिनी हा बंद पडलेल्या जपान्यापेक्षा कधीही बरा. फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांच्या गळ्यात जगभर हाच असायचा, कारण यात काहीच नाहीये. सेल्फ टायमर नाही, ऑटो काही नाही, ऑन-ऑफचं बटण नाही. शटर पूर्ण स्प्रिंगवर चालतं, आत कापडी पडदा आहे तो आडवा पळतो. सेल लागतो तो फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या सुईला. सेल मेला तरी फोटो निघतो, हे एवढं लक्षात राहिलं तर 'बॅटरी टाकली तरी चालू होत नाही' ही तक्रार करायची वेळ येणार नाही, कारण चालू व्हायला यात काही नाहीच.

आत रोल आहे का ते बघा

पाठ उघडायची घाई नको. डावीकडे वर जो रिवाइंडचा खुंटा आहे त्याची बारीक मूठ उलगडून बाणाच्या दिशेला हलकेच फिरवा. गरगर फिरली तर आत काही नाही. थोडी फिरून अडली तर रोल आहे, आणि तुम्ही पाठ उघडलीत की तो जळाला. अशा वेळी कॅमेऱ्याच्या बुडाला एक छोटं बटण आहे ते दाबा, मूठ फिरवत रोल पूर्ण गुंडाळून घ्या, मग उघडा. माझ्यात निघाला होता एक. रंगीत होता, पण इतक्या जुन्या रोलचे रंग गेलेलेच असतात म्हणून ब्लॅक अँड व्हाइटमध्ये धुवून घेतला, सात फोटो आले, कुणाच्या तरी बारशाचे, पाळण्याला फुगे बांधलेले, एक आजी कॅमेऱ्याकडे न बघता फुग्याची गाठ मारतेय. कोणाचे ते कळायला मार्ग नाही. ती निगेटिव्ह मी टाकली नाहीये.

रिकाम्या कॅमेऱ्याची तपासणी

खुंटा वर खेचला की पाठ उघडते, जरा जोरात खेचावा लागतो, तुटणार नाही. लेन्स काढायची तर माउंटच्या बाजूला खटका आहे तो दाबून फिरवायची. आता फिल्म पुढे सरकवायचा वरचा लिव्हर एका दमात पूर्ण ओढा आणि शटर मारा. शटरच्या चकतीवर १००० (म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) पासून सुरू करून एकेक करत १ सेकंदापर्यंत खाली या. वरचे स्पीड कानाला सगळे सारखेच वाटतात, पण ३० च्या खाली फरक ऐकू यायला लागतो, आतून एक घर्र असा बारीक आवाज येतो आणि तो सलग यायला हवा. मधेच अडखळला, किंवा १ सेकंदाला पडदा उघडाच राहिला, तर आतलं वंगण वाळलंय. लगेच निराश होऊ नका, वीस-पंचवीस वेळा तेच स्पीड मारत बसा, कित्येकदा हालचालीने मोकळं होतं. माझा १ सेकंद सुरुवातीला जवळजवळ तीन सेकंदांचा होता, टीव्ही बघताबघता मांडीवर घेऊन खटखट करत बसायचो, आठवड्याभरात सव्वावर आला आणि तिथेच थांबला, मीही थांबलो.

नीट मोजायचं असेल तर फोनचा स्लो मोशन वापरा. २४० फ्रेमवाला मोड लावा, पाठ उघडी ठेवून मागून शूट करा, समोर खिडकी. १/३० ला पडदा साधारण ८ फ्रेम उघडा दिसायला पाहिजे, १/१५ ला १६. एखाद-दुसरी फ्रेम इकडेतिकडे चालते, दुप्पट आली तर काहीतरी आहे. १/१००० हा फोनने नाही मोजता येत, पण एक गोष्ट तपासता येते: लेन्स काढून कॅमेरा उजळ आकाशाकडे धरा (सूर्याकडे नाही!) आणि मागून बघत १००० ला शटर मारा. पूर्ण चौकट क्षणभर उजळली तर ठीक. एका बाजूची पट्टी काळीच राहत असेल तर दोन पडद्यांची चाल जुळत नाहीये, फोटोतही तिथे काळं येणार. घेताना हे दिसलं तर भाव पाडा. घेऊन झाल्यावर दिसलं तर ५०० च्या वर जाऊ नका, तोपर्यंत काम चालतं.

पडद्याला भोकं आहेत का ते अंधाऱ्या खोलीत बघायचं. टॉर्च मागून पडद्याजवळ धरायचा आणि लेन्सच्या भोकातून पुढून बघायचं, आरसा मधे येतो म्हणून त्याला अगदी कडेला नखाने अलगद वर धरा. चांदणं दिसलं तर भोकं. लिव्हर ओढून परत एकदा बघा, कारण पडदे दोन आहेत आणि ओढल्यावर दुसरा समोर येतो. हे करताना पडद्याला बोट लावायचं नाही. आरशाच्या काचेलाही नाही, त्याचा चांदीचा थर वरच्याच बाजूला असतो, पुसायला गेलात की ओरखडा.

लेन्स. यावर बहुतेक एसएमसी पेंटॅक्स एम ५० मिमी एफ २ असते. गरीब बिचारी लेन्स, कोणी कौतुक करत नाही, पण चांगली आहे. मागून टॉर्च टाकून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. मग अ‍ॅपर्चरची (उजेडाचं भोक लहानमोठं करणारी) रिंग २२ वर ठेवा आणि लेन्सच्या मागे जी बारीक दांडी आहे ती बोटाने ढकलून सोडा. पाती उघडून टचकन बंद झाली पाहिजेत. हळूहळू सरकत बंद होत असतील तर पात्यांवर तेल आलंय.

धूळ मात्र माफ करा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे ठिपके फोटोत येत नाहीत, ते फोकसिंग स्क्रीनवरचे असतात. त्यांच्यामागे लागून स्क्रीनला ओरखडे पाडलेले कॅमेरे मी धुळीने बिघडलेल्या कॅमेऱ्यांपेक्षा जास्त बघितलेत.

सेल आणि मीटर

बुडाला गोल झाकण, नाण्याने उघडतं. एलआर ४४ बसतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. एसआर ४४ मिळाला तर तो घ्या, महाग असतो पण शेवटपर्यंत व्होल्टेज धरून राहतो आणि मग एकदम जातो, एलआर हळूहळू उतरत जातो आणि सुई तुम्हाला खोटं सांगत राहते. जुना सेल काढताना कुठली बाजू वर होती ते बघून ठेवा. आत हिरवट पांढरं काही साचलं असेल तर इअरबडवर एक थेंब व्हिनेगर, घासा, मग अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. एवढं करून सुई हललीच नाही तर झाकणाच्या आतली वायर कुजलेली असू शकते, तिथे सोल्डरिंग आलं.

सेल चांगला आहे का बघायचं तर आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) १०० आणि शटर बी वर ठेवा, लेन्सचं झाकण काढून उजेडाकडे धरा, उजवीकडची सुई वर उडाली पाहिजे. आयएसओ लावायचा तर शटरच्या चकतीची बाहेरची रिंग वर उचलून फिरवायची, छोट्या खिडकीत आकडा दिसतो.

मीटर बंद करायचं बटण नाही म्हटलं ना, मग ते बंद कसं होतं? लेन्सचं झाकण लावलं की. अंधारात ते नावापुरतीच वीज खातं. मी पहिल्या महिन्यात झाकण न लावता कॅमेरा खिडकीजवळच्या शेल्फवर शोभेला ठेवला होता, दोन आठवड्यांत सेल गेला, दुसरा आणला, तोही गेला, मी आपला शॉर्ट सर्किट शोधतोय.

फोम बदलणं: हे मात्र स्वतःच करा

या वयाच्या प्रत्येक कॅमेऱ्यात हा आजार असतोच. पाठीच्या कडेने उजेड आत येऊ नये म्हणून बिजागरीपाशी काळा फोम असतो, आणि वर आरसा आपटतो तिथे एक पट्टी असते. हा फोम पॉलियुरेथेनचा, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की त्याचा गूळ होतो. अक्षरशः गूळ, पाक बिघडलेल्या चिक्कीसारखा बोटाला चिकटतो आणि निघत नाही, त्यातून दमट हवा म्हटलं की मुंबई-कोकणातल्या कॅमेऱ्यांचं विचारायलाच नको. फोटोत एका बाजूने नारिंगी-लाल पट्टे येत असतील तर तो हा फोम. शटर मारल्यावर व्ह्यूफाइंडर काळाच राहत असेल तर आरसा वर जाऊन त्याच गुळात चिकटलाय, कॅमेरा मेलेला नाही.

सामान: टूथपिक, इअरबड, आयसोप्रोपिल अल्कोहोल (मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हणून मागा, सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं), दोन मिलिमीटर जाडीचा चिकट पाठीचा काळा फोम, धारदार कटर, स्टीलची पट्टी.

पाठ उघडा, शटरच्या चौकटीवर कागदाचा तुकडा असा ठेवा की पडद्याला न टेकता वरून झाकलं जाईल, कडेला हलका टेप. आता फोमच्या खाचा खाली येतील असा कॅमेरा तिरका धरून टूथपिकने जुना माल खरवडून काढा. खाली सांडू दे, आत नाही. मोठा भाग कोरडाच काढायचा, सुरुवातीलाच अल्कोहोल ओतलं तर काळं पाणी होऊन सगळीकडे पसरतं, हा धडा मी पांढऱ्या चादरीवर शिकलो. उरलेला चिकटपणा अल्कोहोलच्या इअरबडने, बड काळा यायचा थांबेपर्यंत. तास-दीड तास जातो. कंटाळा येतो. जुनं अर्धवट ठेवून वर नवा फोम लावू नका, सहा महिन्यांत तोही खराब होतो.

मग मोजून पट्ट्या कापा. चिकट फोम एकदा टेकला की सरकत नाही आणि खाच अरुंद असते, म्हणून युक्ती अशी की चिकट बाजूला जिभेने किंचित ओलं करायचं. हो, थुंकी. दोन-तीन मिनिटं तो सरकवता येतो, टूथपिकने जागेवर बसवायचा, वाळला की घट्ट. बिजागरीपाशी रुंद पट्टी लागते. पाठ बंद करून बघा, थोडा दाब लागला तर बरोबर, ढकलून बंद करावी लागली तर फोम जाड झालाय.

आरशाच्या पट्टीला जास्त जपा. लेन्सचं तोंड जमिनीकडे करून धरा म्हणजे कण स्क्रीनवर पडणार नाहीत, आणि अल्कोहोलचा थेंब स्क्रीनवर पडता कामा नये, ती प्लास्टिकची आहे. बड नुसता ओलसर हवा, टपकणारा नको.

रोल भरणं

डब्बी डावीकडे ठेवून खुंटा खाली दाबा, थोडा फिरवला की बसतो. फिल्मचं टोक उजवीकडच्या रिळाच्या फटीत घालायचं, एकदा लिव्हर ओढायचा, वरच्या-खालच्या दोन्ही दात्यांत फिल्मची भोकं अडकलेली *डोळ्याने* बघायची आणि मगच पाठ बंद करायची. नंतर रिवाइंडची मूठ हलकेच फिरवून आतली ढिलाई काढा, ती अडली की थांबा. आता दोन वेळा लिव्हर ओढून शटर मारा, आणि प्रत्येक वेळी डावीकडचा खुंटा फिरतोय का बघा. तो फिरला तर फिल्म सरकतेय. नाही फिरला तर परत उघडा, वाया जाईल ती दोन फ्रेमच.

हे एवढं घोळवून सांगतोय कारण फ्रेमचा काउंटर आत फिल्म आहे की नाही ते बघतच नाही, तो नुसते लिव्हरचे हात मोजतो. मामेबहिणीच्या हळदीला मी छत्तीस फोटो काढले, सगळ्यांना उन्हात उभं करून, मामींना तीनदा हसायला लावून. काउंटर छत्तीसवर, मी सदतीस ओढला, अडतीस ओढला, चाळीसला मला घाम फुटला. फिल्म पहिल्याच फ्रेमला फटीतून सुटली होती. मामी अजून विचारतात त्या फोटोंचं.

फिल्म कुठली? पहिल्यांदा रंगीत २०० घ्या. ४०० ची फिल्म आणि आपलं ऊन यांचं फारसं जमत नाही, का ते पुढे. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये इलफोर्ड एचपी ५ किंवा केंटमिअर. आपल्याकडे एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळायची, जुने फोटोग्राफर अजून तिचं नाव काढतात, आता मात्र सगळी बाहेरून येते आणि भाव तसाच असतो, त्यामुळे पहिला रोल लग्नाला नको, घराजवळ काढा.

फोटो काढताना

आयएसओ लावला, शटर निवडलं, आता अ‍ॅपर्चर फिरवत सुई मध्यावर आणायची. वर गेली तर उजेड जास्त, खाली तर कमी. एवढंच आहे. फक्त हे मीटर पूर्ण चौकटीची सरासरी काढतं, त्यामुळे मागे पांढरं आकाश असलं की ते घाबरून सगळं काळं करायला सांगतं आणि माणसाचं तोंड कोळसा. अशा वेळी कॅमेरा खाली गवताकडे किंवा रस्त्याकडे वळवा, तिथे सुई मध्यावर आणा, मग आकडे न बदलता वर येऊन फोटो काढा. शंका असली तर प्रिंट फिल्मला उजेड जास्तच द्या, कमी नको.

मीटर मेलंय? मग उन्हाचा जुना नियम: स्वच्छ ऊन असेल तर एफ १६, आणि शटर फिल्मच्या आकड्याजवळचं. २०० ची फिल्म तर १/२५०. पातळ ढग एफ ११, दाट ढग एफ ८, इमारतीच्या सावलीत एफ ५.६ किंवा ४. आता ४०० ची फिल्म घ्या: एफ १६ ला १/५००, म्हणजे एफ ११ ला १/१०००, आणि यापुढे शटरच नाही. म्हणून मे महिन्यात दुपारी पाठीमागचं धूसर करून पोर्ट्रेट काढायचं मनात असेल तर ४०० घालून ते होणार नाही, त्याला भोक मोठं लागतं.

फोकसला मध्यभागी बारीक दाणेदार गोल आहे. फोकस नसताना त्यात चित्र थरथरतं, बरोबर आला की शांत होतं. दोन तुकडे जुळवायची स्प्लिट स्क्रीन के १००० एसई मध्ये होती, साध्यात नाही, त्यामुळे ती शोधत बसू नका. रस्त्यावर पटापट काढायचं असेल तर एफ ८ ला ठेवून फोकस ५ मीटरवर लावा, साडेतीन ते साडेनऊ मीटरमधलं सगळं ठीकठाक येतं, लेन्सवरच्या रेघांवरही हे वाचता येतं. १/६० च्या खाली हातात धरून काढू नका. फ्लॅश लावलात तर शटर १/६० किंवा खाली, वर गेलात तर अर्धा फोटो काळा.

लिव्हर हलत नाहीये, अडकला वाटतं? बहुतेक तो आधीच ओढलेला असतो, शटर मारा. शटर दाबलं जात नाही? लिव्हर पूर्ण ओढला नसेल, किंवा बुडाचं रिवाइंडचं बटण आतच अडकलं असेल. आणि रोलच्या शेवटी लिव्हर मधेच अडला तर जोर अजिबात लावू नका, फिल्म डब्बीतून तुटून येते आणि मग अंधाऱ्या न्हाणीघरात चाचपडत काढावी लागते. बटण दाबून गुंडाळा, मूठ एकदम हलकी झाली की झालं.

धुवायला देताना निगेटिव्ह परत पाहिजे हे आधीच सांगा, नुसते स्कॅन पाठवणारे बरेच आहेत. पहिल्या रोलला प्रत्येक फ्रेमचं शटर, अ‍ॅपर्चर वहीत लिहा, आणि मुद्दाम प्रत्येक स्पीडला एकेक फोटो एकाच भिंतीचा काढा. रोल धुवून आला की कुठला स्पीड गंडलाय ते त्या भिंतीवरच कळतं.

पावसाळा

जूनच्या आधी चामड्याच्या केसमधून कॅमेरा बाहेर काढा. ती केस दिसते भारी पण ओल धरून ठेवते आणि बुरशीचं माहेरघर आहे. हवाबंद डबा घ्या, स्वयंपाकघरातला रबर लावलेला प्लास्टिकचा चालतो, त्यात सिलिका जेल. निळी गुलाबी झाली की एखाद्या टाकाऊ तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरायची, पोळीच्या तव्यावर नाही. तांदूळ नको, पीठ सुटतं. आणि कपाटात डांबरगोळ्या किंवा कापूर असेल तर कॅमेरा तिथे अजिबात नको, त्यांची वाफ लेन्सवर बसते. ठेवताना लिव्हर ओढलेला ठेवू नका, शटर मारून ठेवा म्हणजे स्प्रिंग मोकळ्या राहतात. दर पंधरा दिवसांनी काढून सगळे स्पीड एकदा मारा. पुढच्या काचेवर बाहेरून बुरशी आली तर लेन्स क्लीनरने पुसून जाते, आतली असेल तर लेन्स उघडावी लागते, ते तुमचं काम नाही.

कुठपर्यंत उघडायचं

बुडाची पट्टी काढून बघण्यापर्यंत ठीक आहे, सेलची वायर तिथूनच दिसते. पण जपानी कॅमेऱ्याचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) जातीचे असतात, आपला नेहमीचा चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं घासून टाकतो. योग्य टोकाचा घ्या, शंभर-दोनशेचा प्रश्न आहे. प्रत्येक स्क्रू काढला की फोनवर फोटो, आणि स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने. तिथेच पडद्यांचा ताण कमीजास्त करायची जागा दिसेल, ती बघायची आणि सोडून द्यायची. तिला अर्धा फेरा दिलात की एक स्पीड सुधारतो आणि बाकीचे सगळे बिघडतात. वरचं कव्हर तर काढूच नका, खाली सुईची यंत्रणा आहे, केसासारखी.

तेल नको. शिलाई मशिनचं नको, डब्ल्यूडी ४० तर नकोच नको. माझा कॅमेरा मी एकदा स्लो स्पीडसाठी एका ठिकाणी दुरुस्तीला दिला, त्याने 'ऑइलिंग करून दिलंय' म्हणून सांगितलं, दोन महिने मस्त चालला आणि उन्हाळ्यात ते तेल पसरून पडद्यावर आणि लेन्सच्या पात्यांवर आलं. ते काढायला दुसऱ्याला तिप्पट पैसे दिले.

म्हणून मेकॅनिककडे जाताना, मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारच्या आसपास अजून जुनी माणसं बसतात, 'चेक करून द्या' असं मोघम बोलू नका. कुठला स्पीड किती फ्रेम भरला, आरसा कधी अडकतो, ते कागदावर लिहून न्या. जुनं वंगण धुवून काढणार की वरून तेल सोडणार, हे तोंडावर विचारा. बिघाड बॉडीत असेल तर लेन्स घरीच ठेवा, बॉडीचं भोक झाकून न्या, आणि परत घेताना दुकानातच पाठ उघडून १ सेकंद मारून बघा. वर काय लिहिलंय ते आठवा, घर्र सलग आली पाहिजे.